रुमालाखालची कोंबडी

पहिली नवरी बाहेर आणली, तिला मिशा होत्या.

जाळीच्या पदराआडून त्या दोन्ही बाजूंनी डोकावत होत्या. फाटकाबाहेर आम्ही, म्हणजे मी, रोमानियात मी नोकरी करतो त्या कारखान्यातले काही दोस्त आणि विरूमामा. आत माझ्या होणाऱ्या बायकोचं, स्मरांडाचं, अख्खं गाव. व्हायोलिनवाला थांबला. माझे होणारे सासरे सिमियोन अत्यंत गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "घ्या, ही तुमची नवरी. एवढ्या लांबून आलात, आता घेऊनच जा."

नवरीनं लाजून माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांदा चार बोटं खाली गेला.

"गुरू," मामा मागून म्हणाले, "फोटोत ही जरा बारीक दिसत होती."

"मामा, हे ग्रिगोरे. तिचे काका. जंगलात झाडं तोडतात. इथं खऱ्या नवरीच्या आधी खोट्या आणतात. नवऱ्यानं ओळखायची असते."

"मग ओळख की! विचार कसला करतोयस?"

मी नकाराची मान हलवली. ग्रिगोरेकाकांनी कपाळ बडवून घेतलं, दोन हुंदके दिले आणि पदर मिशीवरून काढून गर्दीत गेले. गाव खदखदून हसलं. मामा हसले नाहीत. मामा कामावर होते.

ते वऱ्हाडी म्हणून आलेच नव्हते. पारख करायला आले होते. आईनं सांगलीहून फोनवर मला स्वच्छ सांगितलं होतं, "मी काही येत नाही. विरू येईल. मुलगी बघेल, माणसं बघेल. लग्नाच्या दिवशीच मला फोन करेल. तो 'माल चोख' म्हणाला तर मी दारात माप भरून ठेवते. नाही म्हणाला, तर तू तुझ्या घरी सुखी राहा, मी माझ्या घरी." आईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, आणि मामाचा शब्द आईच्याही वर.

त्याला कारण होतं. विरूमामा सांगलीच्या पेठेत हळदीचे दलाल. हळकुंड कानाशी धरून मोडायचे आणि नुसत्या आवाजावरून ते कुठल्या गावचं, किती वाळलेलं, मालक किती खोटं बोलतोय, सगळं सांगायचे. हीच विद्या ते माणसांवरही चालवत. आमच्या लिंगायत समाजात कुठंही मुलगी बघायची असली की मामांना गाडी पाठवून नेत. स्वतःसाठीही त्यांनी तरुणपणी पुष्कळ पाहिल्या. एकीची चाल उजवीकडं झुकते, एकीनं पोह्यात शेंगदाणे मोजून घातले, एक फार हसते, एक मुळीच हसत नाही. प्रत्येक घरी चहा पिऊन म्हणायचे, "कळवतो." साठी जवळ आली तरी एकाही घरी कळवलेलं नव्हतं. नकारांची जमा मोठी, पण शिलकेत मामा एकटेच.

रोमानियाच्या उत्तरेकडच्या त्या डोंगरातल्या खेड्यात आल्यापासून त्यांनी चांगलं म्हटलं नव्हतं की वाईट म्हटलं नव्हतं. धोतर, लांब गरम कोट, पांढरी टोपी आणि खांद्यावर मोठा पांढरा रुमाल अशा थाटात ते घराघरातून हिंडले, कुंपणं हलवून पाहिली, गाईंच्या पाठीवर थापा मारल्या आणि प्रत्येक वेळी म्हणाले, "हं." या "हं"चा अर्थ पेठेत कुणालाच लागत नसे. मला तर मुळीच नाही.

दुसरी नवरी आली ती आणलेली नव्हती, स्वतःच तरातरा चालत आली. पदराखाली एप्रन, एप्रनखाली लोकरीचे मोजे, हातात डाव, आणि डावातून रस्सा गळतोय. ही स्मरांडाची आत्या, तुदोसिया. सिमियोन आणि ग्रिगोरे यांची विधवा थोरली बहीण आणि सबंध लग्नाच्या स्वयंपाकाची मुख्य. तिनं डाव माझ्यावर रोखला आणि काहीतरी ठणकावलं.

"म्हणतीय काय?" मामांनी विचारलं.

"म्हणतेय, घ्यायची तर लवकर घे, चुलीवर कांदा करपतोय."

मामांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. तिनंही डाव तसाच ठेवून त्यांच्याकडे पाहिलं, टोपीपासून धोतरापर्यंत. मग मामा म्हणाले, "हं."

तिसरी आली ती स्मरांडा. तिला मात्र मी इतक्या घाईनं "हीच, हीच!" म्हणालो की मामांनी मागून कोपर मारलं. "अरे, गिऱ्हाइकानं एवढा उतावीळपणा दाखवू नये. भाव चढतो."

मी बाप्तिस्मा घेतलेला नसल्यामुळे चर्चमध्ये लग्न लागणार नव्हतं. गावच्या कचेरीत सह्या झाल्या आणि सगळे जेवणाच्या मांडवात आले. तिकडे लग्नात नवरा-नवरीला जन्मभर सांभाळायला एक धर्मपिता नेमतात. आमचा धर्मपिता पामफिल, लाकूड-वखारीचा मालक, लालबुंद आणि दिलदार. धर्मपित्याला त्यांच्या भाषेत 'नाश' म्हणतात. हे कळल्यावर मामा म्हणाले, "शुभकार्यात नाश कशाला बोलावलाय?" पण पामफिलनं त्यांना मिठी मारून दोन्ही गालांचे मुके घेतल्यावर ते गप्प बसले. नंतर रुमालानं गाल पुसत बसले.

मामांच्या जेवणाची मला धास्ती होती. मांस नाही, अंडं नाही, दारू तर नाहीच. पण तिकडे उपास करणारा माणूस मांस, अंडी सगळं सोडतो. त्यामुळे मामा बारा महिने असंच जेवतात हे कळल्यावर गावानं त्यांना मोठे व्रतस्थ ठरवून टाकलं. म्हाताऱ्या येऊन त्यांच्या कोटाला हात लावून गेल्या. तुदोसियानं त्यांच्यासाठी कोबीच्या पानात भात आणि अळिंबी गुंडाळून वेगळं पातेलं लावलं होतं. मामांनी एक घास घेतला. थांबले. दुसरा घेतला.

"कसं आहे मामा?"

"मीठ बरोबर आहे," मामा म्हणाले. आईच्या स्वयंपाकाला त्यांनी एवढं प्रशस्तिपत्रक आयुष्यात दिलेलं नाही. माझी आशा वाढली. ऊन अजून अंगणात होतं, मंडळी रंगात होती. जेवणं झाली की मामा फोन लावणार होते.

तेवढ्यात कोंबडी आली.

ही तिकडची मोठी गंमत असते. मुख्य आचारीण अख्खी भाजलेली कोंबडी फुलं, मिरच्या आणि रंगीत कागदांनी नवरीसारखी सजवते, ती डोक्याच्या वर धरून नाचत येते आणि धर्मपित्याला विकते. घासाघीस चारचौघांत, मोठ्या आवाजात आणि यमक जुळवून. त्या गावात भाव पैशांत सांगत नसत. प्लमच्या दारूच्या बाटल्या, लाकडाच्या गाड्या, असल्या मापात सांगत. तुदोसिया नाचत आली आणि मांडव दणाणला. स्मरांडा माझ्या कानात भाषांतर करत होती, मी मामांच्या कानात. त्या घाईत माझ्याकडून जमेल तसं यमक जुळलं ते असं:

"कोंबडी माझी देखणी, सात डोंगर चालली,
नाशाचं ताट बघून बाई, लाजून लाल झाली!
भाजले माझे दोन्ही हात, धुरानं भरला डोळा,
बोल रे नाशा काय देतोस, का बसलास भोळा?"

"चार बाटल्या!" पामफिल ओरडला. तुदोसियानं कोंबडी मागं घेतली.

"सात!" पामफिल स्वतःच म्हणाला.

मामा खुर्चीत ताठ झाले. "हा स्वतःच चढतोय? तिनं अजून मागणी सांगितलीच नाही!"

"दहा बाटल्या आणि एक गाडी लाकूड!" पामफिल उभा राहिला.

"अरे, अरे, अरे..." मामांना घाम आला. "माणूस आहे का काय! माल हातात घेतला नाही, उलटून बघितला नाही..."

"मामा, हा खेळ आहे. त्यानं जास्त द्यायचंच असतं."

"सौद्यात खेळ नसतो, गुरू."

"दोन गाड्या!" पामफिल गरजला, आणि मामा उठले.

"मामा, तुम्ही कोंबडी घेऊन करणार काय? तुम्ही खात नाही!"

"खाणं वेगळं, सौदा वेगळा," असं म्हणून मामा मांडवाच्या मधोमध गेले. पामफिलला एका हातानं बाजूला केलं, तुदोसियासमोर उभे राहिले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "बाई, चारचौघांत भाव बोलत नसतात." मग खांद्यावरचा रुमाल काढला, तिचा मोकळा हात हातात घेतला आणि दोघांच्या हातांवर रुमाल टाकला.

आमच्या पेठेत मोठे सौदे असेच होत. दोघांनी रुमालाखाली हात घालायचा, बोटं धरून, दाबून भाव सांगायचा, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. बघणाऱ्याला काही कळत नाही, घेणाऱ्या-देणाऱ्याला सगळं कळतं. हे मला माहीत होतं. त्या गावात हे फक्त मलाच माहीत होतं. मामांना जे माहीत नव्हतं ते आदल्या दिवशी सकाळी झालं होतं. मामा आतल्या खोलीत दार लावून लिंगपूजेला बसले होते, तेव्हा अंगणात सिमियोननी स्मरांडाचा हात माझ्या हातात दिला, वर पांढरं वस्त्र टाकलं आणि सगळं गाव गप्प उभं राहिलं. त्या गावचा साखरपुडा तो एवढाच.

व्हायोलिन थांबलं. बडबड थांबली. चमचेसुद्धा थांबले.

मांडवाच्या मधोमध दोघं उभी. तुदोसियाच्या उजव्या हातात कोंबडी उंच, डावा हात रुमालाखाली. मामांचा चेहरा दगडाचा. रुमाल जरासा हलला. तुदोसियाची भुवई वर गेली. मग रुमाल दुसऱ्या बाजूनं हलला, आणि मामांची भुवई वर गेली. ती बाई पेठेत जन्मल्यासारखी बोटं चालवत होती! मामांनी मान हलवली. तिनं हात सोडवण्याचं नाटक केलं. मामांनी पुन्हा धरला. शेवटी दोघांनी एकदम, एकमेकांच्या डोळ्यांत बघत, होकाराची मान हलवली.

मामांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला. "झाला सौदा," ते म्हणाले.

आणि मांडव कोसळला. लोक टेबलांवर चढले. व्हायोलिनवाल्यानं कालच आमच्यासाठी वाजवलेली धून सुरू केली. पामफिल रडत आला. ग्रिगोरेकाकांनी मामांना धोतरासकट उचलून धरलं.

"हा मला कशाला उचलतोय?" मामा वरून ओरडले. "सौदा कोंबडीचा झालाय, कोंबडी उचला म्हणावं!"

"मामा," मी खालून म्हणालो, "ते तुम्हाला दाजी म्हणतायत."

सगळा प्रकार सांगितल्यावर मामा खुर्चीत बसले आणि बराच वेळ टोपी फिरवत राहिले. मग म्हणाले, "सांग त्यांना, चूक झाली. माल परत."

मी सिमियोनना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाळा, हे मला कळतं. पण गावासमोर हात धरून पुरुषानं सोडला, तर गाव ताटावरून उठेल. आणि ज्या लग्नाच्या ताटावरून गाव उठलं, ते लग्न इथं कुणी मानत नाही. तुमचंसुद्धा." पलीकडे ग्रिगोरेकाका नव्या दाजींसाठी ग्लास भरत होते. कुऱ्हाड भिंतीला टेकवलेली होती. ती रोजच तिथं असते म्हणे, पण मला त्या दिवशीच दिसली.

म्हणजे हिशेब असा झाला. मामा नाही म्हणाले तर माझं लग्न इथं बुडालं. हो म्हणाले तर तिकडे आई म्हणणार, तुला पारखायला पाठवलं आणि तूच विकला गेलास.

"यातून वाट नाहीच का?" मी विचारलं.

"बाईला नाही म्हणायचा हक्क आहे," सिमियोन म्हणाले. "त्यात कुणाचा अपमान नाही. पण बघितल्याशिवाय नकार देता येत नाही. सगळ्यांसमोर, नीट बघून, तोंडावर सांगायचं."

हे ऐकून स्मरांडाचे डोळे चमकले. ती चमक मला ओळखू यायला हवी होती. "मी बोलते आत्याशी," म्हणाली आणि स्वयंपाकघरात पळाली. आत बराच वेळ दोघींची कुजबुज चालली. मध्येच आत्याचं हसणं ऐकू आलं.

मी मामांना वाट सांगितली.

"मला बघणार?" मामा म्हणाले. "मला?"

"हो. आणि नापसंत करणार. की तुम्ही सुटलात."

मामांनी विचार केला. "आणि पसंत पडलो तर?"

हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मांडवाच्या मधोमध स्टूल मांडलं. मामा अंग चोरून बसले. समोर तुदोसिया, एप्रन बदलून, हाताची घडी घालून. शेजारी स्मरांडा, दुभाषी. मामा तिला समिंद्रा म्हणत. आमच्याकडे त्या नावाच्या बायका असतात, म्हणून त्यांना ते सोपं वाटे. स्मरांडाला माझ्यामुळे तोडकीमोडकी मराठी येत होती.

"नाव सांगा," स्मरांडा म्हणाली.

"सगळ्यांना माहीत आहे की."

"आत्या म्हणते, स्वतःच्या तोंडानं. मोठ्यानं."

"विरूपाक्ष."

"उठा. भिंतीपर्यंत चालत जा. सावकाश. वळा."

मामा चालले. शंभर डोळे पायांवर. धोतरात पाय अडकला.

"चाल उजवीकडं झुकते," स्मरांडानं आत्याचं मत सांगितलं. गावानं माना हलवल्या.

"नेहमी झुकत नाही! धोतर..."

"मधे बोलू नका. टोपी काढा. केस तुमचेच?"

"मग कुणाचे?"

"हात दाखवा. नखं." तुदोसियानं मामांचा हात धरून उलटसुलट केला. "हळदीचा रंग जात नाही का?"

"चाळीस वर्षांचा आहे."

"हसून दाखवा."

मामा हसले. पुढच्या रांगेतल्या म्हातारीनं छातीवर क्रूस काढला.

इथं मामांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी आधी स्मरांडाकडे पाहिलं, मग हळूहळू मान वळवून माझ्याकडे. "गुरू," ते म्हणाले, "हे प्रश्न माझे आहेत."

मी मांडवाचं छत बघू लागलो. मामांच्या मुली बघण्याच्या गोष्टी मी स्मरांडाला मागच्या हिवाळ्यात सांगितल्या होत्या. हसवायला म्हणून. ती सगळं ध्यानात ठेवते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

"शेवटचं," स्मरांडा गोड आवाजात म्हणाली. "स्वयंपाक काय येतो?"

"मला?" मामा इतके चकित झाले की उभे राहिले. "मला स्वयंपाक कशाला यायला हवा?"

भाषांतर झालं. बायकांच्या बाजूनं एक मोठा सुस्कारा आला. तुदोसियानं चुलीकडे बोट केलं. तिथं पाणी उकळत होतं, शेजारी मक्याचं पीठ. त्या मुलखात मक्याच्या पिठाची घट्ट लापशी म्हणजे आपली भाकरी. पोराटोरांनासुद्धा घोटता येते.

मामांनी सगळं पीठ एकदम ओतलं. नंतर दांडा धरून ते अशा रीतीनं ढवळत राहिले, की जणू विहिरीत पडलेली बादली काढतायत. लापशीत लिंबाएवढ्या गाठी झाल्या. घाम कपाळावरून गळू लागला. तुदोसिया शेजारी उभी राहून बघत होती आणि मध्येच, कुणाच्या लक्षात येणार नाही असं वाटून, तिनं पातेलं जरा आचेवरून बाजूला सरकवलं. माझ्या लक्षात आलं.

मग तिनं एक गाठ चमच्यावर घेतली. चावली. दुसरी गाठ घेतली. तीही चावली, गिळली, आणि मामांकडे बघत राहिली. मला भीती वाटू लागली. मामांना आणखी कसली तरी वाटत असावी, कारण ते पहिल्यांदाच नजर चुकवत होते.

शेवटी तुदोसियानं चमचा ठेवला आणि कमरेवर हात दिले:

"डोळा बरा, बाणा बरा, बोटं तर फार हुशार,
पण गाठींची लापशी खाऊन कोण काढील संसार?
चाल वाकडी सोसली असती, हसू नसलं तरी,
चुलीशी ज्याची ओळख नाही, तो पाहुणाच बरा घरी!"

टाळ्यांनी मांडव फुटला. व्हायोलिन सुरू झालं. कुणी ताटावरून उठलं नाही, उलट जे उठले होते ते बसले. ग्रिगोरेकाकांनी मामांची समजूत घालायला त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि मामा दोन पावलं पुढं गेले. कोंबडी सरळ पामफिलकडे गेली. त्यानं ती दोन गाड्या लाकूड आणि दहा बाटल्यांनाच घेतली. रुमालाखाली काय भाव ठरला होता, हे मामांनीही सांगितलं नाही आणि तुदोसियानंही. पेठेचा नियमच आहे तो.

लग्न वाचलं. पण मामांचं काय? साठीच्या माणसाला परक्या मुलखात, भर मांडवात, त्याचेच प्रश्न विचारून नापास केलं, आणि ते माझ्या बायकोनं. आता हा माणूस आईला काय सांगणार?

"फोन लाव," मामा म्हणाले.

"मामा, जरा वेळानं..."

"लाव."

मी लावला. मांडवाच्या मागं, लाकडाच्या ढिगावर मामा बसले. मी आणि स्मरांडा समोर, निकालाची वाट बघणाऱ्या पोरांसारखे उभे.

"अक्का, विरू बोलतोय."

"झालं का?" आईचा आवाज मला लांबूनही स्पष्ट येत होता. "माणसं कशी आहेत?"

"अक्का, त्यांनी मला बघितलं."

"म्हणजे?"

"बसवून. चालायला लावलं, हात बघितले, केस बघितले. नवरदेव म्हणून. तिच्या आत्यासाठी. ते कसं झालं ते नंतर सांगतो."

आई अगदी हळू म्हणाली, "आणि?"

"नापसंत."

"तुला?"

"मला. तिथल्या तिथं. अक्का, आपण चहा पिऊन 'कळवतो' म्हणतो आणि जन्मभर कळवत नाही. हिनं तोंडावर सांगितलं. पहिल्यांदा बरं काय आहे ते सांगितलं, मग खोट सांगितली."

"काय खोट काढली?"

मामांनी स्मरांडाकडे एक कटाक्ष टाकला. "चाल झुकते. हसता येत नाही. चुलीशी ओळख नाही."

पलीकडून बारीक आवाज येऊ लागला, तो वाढत गेला. आई हसत होती. आईला एवढं हसताना मी बाबा गेल्यापासून ऐकलं नव्हतं. हसता हसता तिला ठसका लागला.

"एका दिवसात?" ती कशीबशी म्हणाली. "मला चाळीस वर्षं लागली रे विरू!"

"हं," मामा म्हणाले.

"बरं, मुलगी? मुलीचं काय?"

"प्रश्न विचारणारी तीच होती. माझेच प्रश्न मला विचारले, आणि माझ्यापेक्षा बरे विचारले." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "अक्का, ज्या पेठेत मला नापास करतात, तिथला माल डोळे झाकून घ्यावा. माप भरून ठेव."

स्मरांडाला शेवटचं वाक्य कळलं नाही. मी तिला उचललं तेव्हा कळलं.

निघायच्या दिवशी सकाळी मामा माझ्याजवळ आले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "समिंद्राला विचार. एकदा नापसंत केलेल्या माणसाला इथं परत बघतात का?"

मी विचारलं. स्मरांडा अगदी गंभीरपणे म्हणाली, "बघतात. पण खोट घालवून आला तरच."

"हं," मामा म्हणाले.

पुढं दिवाळीत आम्ही सांगलीला गेलो. दारात आई उभी, तिनं स्मरांडावरून भाकरतुकडा ओवाळला. उंबऱ्यावर तांदळाचं माप. स्मरांडानं ते उजव्या पायानं असं बेतानं ओलांडलं की दाणे नीट आतच सांडले. आईनं पदरानं तिचा चेहरा पुसला, आणि एवढ्यात आतून धूर आला.

"आई, काहीतरी करपतंय!"

"करपू दे," आई म्हणाली. "रोजचंच आहे."

स्वयंपाकघराच्या दारात विरूमामा आले. कोपरापर्यंत पीठ, टोपीवर पीठ, भुवयांवरसुद्धा पीठ. हातात काठाला काळी पडलेली भाकरी. ती त्यांनी स्मरांडासमोर अशी धरली, जसं हळकुंड गिऱ्हाइकासमोर धरतात.

"समिंद्रा," ते म्हणाले, "तुझ्या आत्याला कळव. परवापासून फुगायला लागलीय."